नाव आधी

परवा तू गेल्यावर चहाचे कप टेबलावर तसेच होते आणि मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. "सर, या वेळी पडद्यावर लेखक म्हणून माझं नाव नाही, पण पैसे चांगले आहेत, आणि पुढच्या पिक्चरला नक्की देतो म्हणाले." हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय, शब्दाला शब्द. तेव्हा तुझ्या जागी मी होतो.

म्हणून तोंडावर उत्तर दिलं नाही. तू चांगलं लिहितेस हे सांगण्यात कागद घालवत नाही. ते तुला ठाऊक आहे. मुद्द्याचं एवढंच: नाव सोडू नकोस.

तू म्हणालीस, एकदा स्वतः निर्माती झाले की प्रश्नच मिटला, हॉलिवूडमध्ये लेखकच निर्माते होतात. बरं. मग त्यांच्यातल्याच एकाचं ऐक. कार्ल फोरमन. १९१४ सालचा, शिकागोचा. निर्माता स्टॅनली क्रेमरच्या लहानशा कंपनीत तो लेखक आणि भागीदार होता. १९४९ ला 'चॅम्पियन', १९५० ला 'द मेन', ज्यात मार्लन ब्रँडो पहिल्यांदा पडद्यावर आला. मग 'हाय नून'. गावावर गुंड चालून येतायत आणि गावातला एकही माणूस मार्शलच्या बाजूने उभा राहत नाही, एवढीच गोष्ट. १९५१ च्या सप्टेंबरात तिचं चित्रीकरण चालू असतानाच फोरमनला अमेरिकन संसदेच्या, कम्युनिस्ट हुडकणाऱ्या त्या कुप्रसिद्ध समितीपुढे साक्षीला उभं राहावं लागलं. एके काळी तो कम्युनिस्ट पक्षात होता. समितीला हवं होतं ते एकच: तेव्हा सोबत कोण कोण होते, नावं सांगा.

त्याने सांगितली नाहीत. दुसऱ्यांची नावं दिली नाहीत म्हणून स्वतःचं गेलं. भागीदारी तुटली, 'हाय नून'वरचं सहनिर्मात्याचं श्रेय काढलं गेलं, लेखनाचं तेवढं राहिलं. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली आणि हा लंडनला निघून गेला, काळ्या यादीत, म्हणजे ज्यांना स्टुडिओ काम देत नसत त्यांच्यात.

पुढचं नीट वाच. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. पियेर बूलच्या फ्रेंच कादंबरीवर पटकथा आधी फोरमनने लिहिली. दिग्दर्शक डेव्हिड लीनला ती पटली नाही, म्हणून मायकेल विल्सनने पुन्हा लिहिली. तोही काळ्या यादीतलाच. १९५७ ला चित्रपट आला तेव्हा पडद्यावर पटकथेला नाव होतं एकट्या बूलचं, आणि ऑस्करही त्यालाच. इंग्रजीत पटकथा लिहिणारा तो माणूसच नव्हता! खऱ्या दोघांना ते ऑस्कर १९८५ मध्ये दिलं गेलं. विल्सन १९७८ ला गेला होता, फोरमन १९८४ च्या जूनमध्ये.

आणि याहून कडू गोष्ट सांगू? काळ्या यादीतल्या लेखकांची नावं गाळायची मुभा स्टुडिओंना १९५२ मध्ये कुणी दिली? लेखकांच्याच संघटनेने. आज त्याच परंपरेतल्या संघटनेत श्रेयाचा वाद झाला, तर तीन लेखक सगळे ड्राफ्ट वाचून निकाल देतात, निर्मात्याची मर्जी चालत नाही. तिथे दोन नावांमध्ये 'अँड' अक्षरांत आहे की '&' या चिन्हाने, यालाही अर्थ असतो. चिन्ह म्हणजे दोघांनी मिळून लिहिलं, अक्षरं म्हणजे वेगवेगळं. एका 'आणि'साठी माणसं भांडतात आणि तू अख्खं नाव सोडून द्यायला निघालीस.

हो, फोरमन पुढे निर्माता झाला. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन', १९६१, लेखक तोच आणि निर्माताही तोच. तू हेच उदाहरण देशील. पण त्या खुर्चीने त्याला 'क्वाय' परत दिला का? आणि निर्माता झालं की कादंबरीचे हक्क, नटांच्या तारखा, पैसेवाल्यांचे फोन. लिहायचं कधी? आमच्या पिढीने त्याचा 'मेकेनाज गोल्ड' डोक्यावर घेतला. अमेरिकेत फारसा चालला नाही, भारतात तुफान चालला. मी दोनदा पाहिला. तो लिहिला कुणी, हे एकदाही वाचलं नाही. तेव्हा बघणाऱ्याच्या भरवशावर राहू नकोस. कागदावर आण. सलीम-जावेद यांनी 'जंजीर'च्या पोस्टरांवर पेंटरकडून आपली नावं रंगवून घेतली, त्याला लोक हसतात. मला कधी हसू आलं नाही.

मी नाव सोडलेला तो चित्रपट चालला. आईला घेऊन गेलो होतो. नावं सुरू झाली तशी तिने पदर सावरला आणि बघत राहिली. मध्यंतरात विचारलं, तुझं कुठं होतं रे? मी म्हटलं, शेवटी येतं. चित्रपट संपल्यावर ती उठेचना. झाडूवाला आला तरी पडद्याकडे बघत होती.

पैशांसाठी केलं का? हो, पैशांसाठी केलं. खोलीची पागडी भरायची होती. तुलाही काहीतरी भरायचं असेल, मी विचारणार नाही. पण नाव देऊन कमी पैसे घे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी लेखकाकडून काढून घेता येत नाही, पण लेखक कोण हेच कागदावर नसेल तर मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

आता एक सांगतो, कारण ते तुला दुसरीकडून कळेल. माझ्याकडे एक मुलगा होता. एका चित्रपटातले तीन प्रसंग त्याचे. चांगले होते, माझ्यापेक्षा बरे. त्याचं नाव 'विशेष आभार'मध्ये गेलं. मी त्याला पैसे वेळेवर दिले, जेवायला घातलं, पुढे दोन ठिकाणी शब्द टाकला. पटकथेचा सांगाडा माझाच होता, आणि तीन प्रसंगांवर सहलेखक कोण लावतं? तेव्हा कुणीच लावत नव्हतं. आजही मला वाटतं की मी फार चुकलो नाही. तो आता फोन उचलत नाही.

गुरुवारी ये. कराराची प्रत आण, मोबाइलवरचा फोटो नको, कागद आण. ड्राफ्टवर तारीख घाल आणि येण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदणी करून टाक. नॅरेशनला, म्हणजे तू गोष्ट ऐकवलीस तेव्हा, कोण कोण बसलं होतं त्यांची यादी कर. आणि त्या माणसाला तोवर हो म्हणू नकोस, ताप आलाय म्हणून सांग.