‘सरकारी’ म्हणजे मोफत नव्हे

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आणि मुलगा नववीत आहे. दोघेही लहानपणापासून गोल्फ खेळतात आणि राज्याबाहेरील ज्युनियर स्पर्धांतही उतरतात. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी हे सरकारी विद्यापीठ असल्यामुळे तेथे गोल्फ खेळणाऱ्यांचे शिक्षण मोफत होते, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे काय? मुलाला आणि मुलीला तेथे सारखीच संधी असते काय?
— एक पालक, पुणे

उत्तर : आपल्या परिचितांनी विद्यापीठ उत्तम निवडले आहे, ‘सरकारी’ या शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी आपल्याकडच्या महाविद्यालयांवरून लावलेला दिसतो. ॲरिझोना राज्याच्या या विद्यापीठात फीची मोठी सवलत मिळते ती त्या राज्याच्या रहिवाशांना. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची फी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि अर्धी शिष्यवृत्ती मिळाली तरी उरलेला अर्धा भाग, राहण्या-जेवण्याच्या खर्चासह, मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाईल एवढा असतो.

शिष्यवृत्तीचे गणित मुलामुलींसाठी अनेक वर्षे वेगळे होते. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या वरच्या श्रेणीत पुरुषांच्या गोल्फ संघाला एकूण साडेचार आणि महिलांच्या संघाला सहा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. साडेचार शिष्यवृत्त्या आठ-नऊ मुलांत वाटायच्या म्हटल्यावर बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच येई. अमेरिकन फुटबॉलचा एकच पुरुष संघ ८५ शिष्यवृत्त्या घेत असे, आणि शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे मुलामुलींमधला तोल इतर खेळांत साधावा लागे. मुलींना मिळणाऱ्या त्या जादा दीड शिष्यवृत्तीचे मूळ तेथे आहे. महाविद्यालयीन खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत दोन्ही संघांना प्रत्येकी नऊ खेळाडूंची मर्यादा आली आणि त्या नऊ जणांत किती पैसे वाटायचे हे विद्यापीठावर सोपवले गेले. विद्यापीठ पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकते, पण देईलच असे नाही. म्हणून प्रशिक्षकाशी बोलताना ‘शिष्यवृत्ती मिळेल का’ असे न विचारता ‘चारही वर्षांचा किती खर्च भागेल’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

विद्यापीठाची कीर्ती मात्र खरीच आहे. तेथील महिला संघाने एनसीएएचे विजेतेपद आठ वेळा मिळवले आहे आणि पुरुष संघाने दोन वेळा. १९९० साली दोन्ही संघ एकाच वर्षी विजेते ठरले. प्रसिद्ध अमेरिकन गोल्फपटू फिल मिकलसन तेथे शिकत असताना १९८९, १९९० आणि १९९२ मध्ये वैयक्तिक विजेता होता. पुढे स्पेनचा जॉन राम आणि स्वीडनची ॲना नॉर्दक्विस्त हेही तेथूनच व्यावसायिक गोल्फमध्ये गेले. ही नावे ऐकून हुरळून जाण्याआधी एक ध्यानात घ्या. आपल्या मुलांची स्पर्धा केवळ अमेरिकन मुलांशी नसून, असे खेळाडू जेथून येतात त्या साऱ्या देशांतील मुलांशी आहे.

संघातील नऊ जणांनाही प्रत्येक वेळी खेळायला मिळत नाही. स्पर्धेसाठी पाच जण उतरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांपैकी चौघांचे सर्वोत्तम स्कोअर धरले जातात. कोणते पाच जायचे हे बऱ्याचदा संघांतर्गत पात्रता फेऱ्यांवर ठरते. राष्ट्रीय अजिंक्यपदात ७२ होलच्या, म्हणजे चार फेऱ्यांच्या, स्ट्रोक प्लेनंतर (यात एकूण फटके मोजतात) पहिले आठ संघ मॅच प्लेमध्ये (यात समोरासमोर एकेक होल जिंकायचे असते) भिडतात. ही पद्धत पुरुषांसाठी २००९ पासून आणि महिलांसाठी २०१५ पासून आहे.

अभ्यासाचे काय, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. हंगामात सराव आणि स्पर्धा मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. परंतु स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा मोजतात. गोल्फमध्ये अनेकदा एकाच दिवसात ३६ होल खेळावे लागतात, म्हणजे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत मैदानावर. हा हिशेब ज्याने केला त्याने बहुधा कधी गोल्फ खेळलेला नसावा.

आता तातडीचे. प्रशिक्षकांना हँडिकॅपपेक्षा (खेळाडूची क्षमता दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा) स्पर्धांतील फेऱ्यांचे स्कोअर पाहायचे असतात, तेव्हा ते तारखेनुसार नोंदवून ठेवा. दहावीनंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक खेळाडूशी थेट संपर्क साधू शकतात. मुलीच्या बाबतीत ती तारीख उलटून गेली आहे, त्यामुळे तिने आता स्वतःच पत्रव्यवहाराला सुरुवात करावी. शैक्षणिक पात्रतेसाठी नववीपासूनचे विषय आणि गुण पाहिले जातात. मुलाने नववीची परीक्षा ‘बोर्डाची नाही’ म्हणून सोडून देऊ नये, आणि मुलीचे नववीचे प्रगतिपुस्तक घरात कुठे आहे ते आजच शोधून ठेवावे.