मुलीला आकाशाचं वेड आहे. आधी दुर्बीण घ्यावी की एखाद्या हौशी खगोल मंडळात जावं?

तुमचा प्रश्न वाचला. डोंबिवलीत राहता, लेक आठवीत आहे, तिच्या वाढदिवसाला १५-२० हजारांची दुर्बीण घ्यायचं मनात आहे. शिवाय अशा मंडळांत नेमकं काय चालतं आणि त्यासाठी गणित-विज्ञान पक्कं लागतं का, हेही तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशा एका मंडळात जातो आणि आता नवीन लोकांना आकाश दाखवण्याचं काम करतो. म्हणून सरळच सांगतो: दुर्बीण थांबू द्या, या हिवाळ्यात लेकीला घेऊन एका रात्रीच्या कार्यक्रमाला जा.

कारण असं की दुर्बिणीतून आकाशाचा फार छोटा तुकडा दिसतो. कुठे बघायचं हे माहीत नसेल तर त्या तुकड्यात काहीच सापडत नाही. चंद्र सापडतो, गुरू-शनी कोणी दाखवले तर सापडतात, आणि महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते. मूल मात्र 'मला हे जमत नाही' असं समजून बसतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. वास्तविक तिला आधी साध्या डोळ्यांनी आकाश ओळखीचं व्हायला हवं. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसला की त्याच रेषेत एका बाजूला व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. हे कुणीतरी शेजारी उभं राहून, हात धरून एकदा दाखवलं की कायमचं बसतं. पुस्तकातल्या नकाशावरून तेच शिकायला महिने जातात. मोबाइलवरचं ॲप मदत करतं, पण त्यात मान खाली जाते, वर राहत नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे आणि देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ साली, हॅलेच्या धूमकेतूची चाहूल लागली त्या काळात सुरू झालं. कर्जत मार्गावरच्या वांगणीला त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. तुम्हाला तर ते लोकलने जाण्यासारखं. गोव्यात पणजीच्या जुन्ता हाउसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा उभी राहिली. या सगळ्या ठिकाणी काम करणारे बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारे लोक असतात आणि शनिवारची रात्र यासाठी राखून ठेवतात.

रात्रभर काय चालतं? कार्यक्रम बहुधा अमावास्येच्या जवळच्या शनिवारी असतो, कारण चंद्र नको असतो. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद. ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहाच्या दिशेने येणाऱ्या उल्कावर्षावाचं युरोपात केवढं कौतुक होतं, आपल्याला तो ढगांमुळे क्वचितच मिळतो. अंधार पडला की आधी तास-दीड तास दुर्बिणीला हातसुद्धा लावू देत नाहीत. सतरंजीवर पाठ टेकायची आणि हिरव्या लेझरच्या रेघेमागे नजर फिरवायची: ध्रुव, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या पांढऱ्या प्रकाशाने ती क्षणात जाते. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावतात. लाल प्रकाशाचा डोळ्यांतल्या अंधारात काम करणाऱ्या पेशींवर फारच कमी परिणाम होतो. लेकीला हा कागद घरूनच टॉर्चला लावून न्यायला सांगा.

मग दुर्बिणींपाशी रांगा लागतात. इथे एक गोष्ट तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होईल: अवकाश दुर्बिणींच्या छायाचित्रांतले गुलाबी-निळे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, राखाडी, किंचित हिरवट धुरासारखा दिसतो. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, दिसते लांबट, मंद ठिपक्यासारखी. पण तो प्रकाश साधारण २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय हे कळल्यावर तोच ठिपका मुलं पुन्हा रांगेत उभं राहून बघतात. अंधुक गोष्ट पाहताना थेट तिच्याकडे न बघता किंचित बाजूला नजर ठेवायची, म्हणजे ती उजळते. हे तिरक्या नजरेचं तंत्र आयपीसपाशी (डोळा लावायच्या भिंगापाशी) उभा असलेला माणूस सांगतो आणि पुढच्याच सेकंदाला 'अरे हो, दिसलं!' असा आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी अजून जातो.

थंडीत सगळेच जातात. मी मात्र एप्रिल-मेमध्ये एकदा तरी जाच असं आग्रहाने सांगेन. महाराष्ट्राच्या अक्षांशाची खरी श्रीमंती तेव्हा कळते. डोंबिवलीहून ध्रुव जेमतेम १९ अंशांवर असतो, हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या तर तेवढ्याच उंचीवर. उत्तर इतकं खाली गेलं म्हणजे दक्षिणेचं आकाश आपल्यासाठी तेवढं उघडतं. मेच्या मध्याला रात्री दहाच्या आसपास दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू हा तारकासमूह उभा असतो, त्याच्या डावीकडे मित्र, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांच्या गटातला तेजस्वी तारा. आणि साडेदहाच्या सुमारास, क्षितिजापासून २३ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. साध्या डोळ्यांना पुसटसा तारा वाटतो. सहा इंची दुर्बिणीत बघितलं की रांगोळीची चिमूट सांडावी तसा ताऱ्यांचा गोळा. सुमारे एक कोटी तारे एकत्र, सतरा हजार प्रकाशवर्षांवर. लंडनच्या हौशी निरीक्षकाला हा घरून कधीच दिसत नाही, त्याच्या क्षितिजाच्या वर तो येतच नाही. आपल्याला दिसतो आणि आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतो. फक्त दक्षिण क्षितिज मोकळं हवं. पहाटेपर्यंत जागलात तर वृश्चिक आणि धनू राशीतून आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टाही मिळतो.

आता गणिताचं. नाही लागत. पुढे तिला आवड निर्माण झाली तर लागेल, आणि तेव्हा ती आपणहून शिकेल. सुरुवातीलाच खऱ्या नोंदी करता येतात, त्याचं उदाहरण देतो: १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांमधून पृथ्वी जाते तेव्हाचा. उत्तम अंधाराच्या जागी शिखराच्या वेळी तासाला शंभराच्या वर उल्का मोजल्या जातात. लोक दिशा वाटून घेऊन आडवे होतात, एक जण नोंदवही घेऊन बसतो. उल्का दिसली की वेळ लिहायची, तेज लिहायचं. व्याधाएवढी की रोहिणीएवढी, असं ओळखीच्या ताऱ्याशी ताडून. मग तिचा मार्ग मनातल्या मनात मागे न्यायचा. तो पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ पोचला तर ती या वर्षावातली, नाहीतर भटकी. अशा हौशी नोंदी जगभरातून एकत्र केल्या जातात आणि त्यांवरून त्या कणांचा पट्टा कुठे दाट, कुठे विरळ हे ठरतं. आठवीतली मुलगी हे काम मोठ्या माणसाइतकंच चोख करते. अनेकदा जास्त चोख, कारण तिला झोप येत नाही.

पालक म्हणून काही गोष्टी फोनवर आधीच विचारून घ्या आणि त्यात संकोच करू नका. मुली-बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, रात्रभर जबाबदार कोण, परतीची पहिली गाडी किती वाजता. चांगल्या मंडळात याची उत्तरं तयार असतात. हल्ली 'स्टारगेझिंग कॅम्प' नावाने शेकोटी, गाणी, जेवण आणि दहा मिनिटं दुर्बीण असेही प्रकार निघालेत. सहल म्हणून जायचं तर जा, पण शिकण्यासाठी ती जागा नाही. जिथे शेकोटी पेटते तिथे अंधारच उरत नाही. सोबत स्वेटर, कानटोपी, सतरंजी, डासांचं मलम. मध्यरात्रीनंतर दव पडतं, अंथरूण ओलं होतं.

अंधार ही गोष्ट आता पैसे मोजून, प्रवास करून मिळवावी लागते, याचं मला मनापासून दुःख आहे. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. वाघांसाठी राखलेल्या जंगलात ताऱ्यांसाठीही जागा राखली गेली हे फार चांगलं झालं. कधी नागपूरकडे जाणं झालं तर ते नक्की जोडा.

पण डोंबिवलीच्या गच्चीवरूनही बरंच होतं. चंद्र, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी यांना शहराच्या उजेडाने काही फरक पडत नाही. सोसायटीतल्या लोकांना चंद्र दाखवायचा असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ धरा. लोक पौर्णिमा सुचवतील, ऐकू नका. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर तिरपं ऊन असतं आणि विवरांच्या कडा सावल्यांसकट उठून दिसतात. आणि दिवसाचं काही हवं असेल तर १५-१६ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या थोडं नंतर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, गच्चीत उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली नाहीशी होते. आजूबाजूची पोरं गोळा करून दाखवायला याहून सोपं काही नाही. ते काम लेकीलाच करू द्या. लहानग्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना तिला स्वतःला काय नीट कळलेलं नाही, हे तिचं तिलाच सापडेल.

वाढदिवसाला काहीतरी द्यायचंच असेल तर १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्या. कृत्तिका, देवयानी, आकाशगंगेचा पट्टा त्यात सुंदर दिसतो. कोपर कठड्याला टेकवून धरायला शिकवा, नाहीतर चित्र थरथरतं. खोक्यावर '५२५ पट' छापलेली छोटी दुर्बीण घेऊ नका. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट एवढाच वाढवण्याचा अर्थ असतो, म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट. त्यापुढे नुसता मोठा झालेला धुरकटपणा, आणि तो लडबडणारा स्टँड वेगळाच. वर्षभराने, ती द्विनेत्री घेऊन कुणाच्या मदतीशिवाय देवयानी दीर्घिका शोधायला लागली, की सहा इंची आरशाची डॉबसोनियन, म्हणजे साध्या, भक्कम बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण, घ्या. कोणती घ्यायची हे तोपर्यंत मंडळातल्या चार दुर्बिणींतून बघून तीच तुम्हाला सांगेल.