दोन चाकं गेली, गाडी पेव्हर ब्लॉकवर

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही कोथरूडला राहतो. सोसायटी जुनी, आत जेमतेम चार गाड्यांची जागा. त्यामुळे आमची २०२१ ची बलेनो कुंपणाच्या भिंतीला चिकटवून रस्त्यावर लावतो. मंगळवारी पहाटे बाबांना डायलिसिसला न्यायला खाली आले, तर रस्त्याच्या बाजूची दोन्ही चाकं अलॉयसकट (मिश्रधातूच्या रिमसकट) गायब! गाडी फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर टेकवलेली. चौकीत ‘गहाळ’ अशी नोंद करून देतो म्हणाले. एक ओळखीचे तशीच जुनी अलॉय अर्ध्या किमतीत मिळवून देतो म्हणतात. गाडी अजून तिथेच उभी आहे. विमा मागावा का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बसवून घेऊ?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : ताई, गाडी अजून ब्लॉकवर आहे म्हणता, तर आधी त्याचंच बोलतो. तिच्याखाली कुणालाही वाकू देऊ नका, सोसायटीतली पोरं खेळत असतील तर दूर ठेवा. पेव्हर ब्लॉक वरून दणकट दिसतो, पण कडेवर भार आला की तुकडा पडतो आणि गाडी एका बाजूला बसते. चारही बाजूंनी फोटो काढा, ब्लॉक नेमका कुठे टेकलाय तो जवळून काढा. मग गॅरेजवाल्याला ट्रॉली जॅक घेऊन जागेवर बोलवा. क्रेनने ओढत न्यायचं नाही.

याचं कारण सांगतो. आमच्या गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली होती. मालकांनी घाईत एक स्टेपनी आणि एक उसनं चाक लावून ती चालवत आणली. येताना खर्र-खर्र आवाज. चाक काढलं तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून डिस्कवर घासत होता, दोन बोटं रुंद चकचकीत चरा पडला होता. चोरांनी जॅक झटकन काढल्यावर गाडी थेट डिस्कवर आदळली होती. दाराखालची सिल तर इतकी चेपली होती की मागचं दार वरच्या कोपऱ्यात अडकायचं. हे नुकसान चाकांच्या किमतीच्या वर गेलं, आणि सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, येऊन गेल्यानंतर लक्षात आल्यामुळे विम्यात धरलं गेलं नाही. म्हणून तुमच्या गाडीची डिस्क, ब्रेकचा होज (रबरी नळी), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि सिल सर्व्हेअरसमोरच तपासून घ्या.

आता चौकीचं. ‘गहाळ’ नोंद अजिबात घेऊ नका. चाक खिशातून पडत नाही, ती चोरीच आहे आणि विमा कंपनी नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवते. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे पोलीस तिचा एफआयआर थेट घेत नाहीत; तुमची तिच्या किती तरी वर आहे. म्हणून तक्रारीत चाकांची किंमत आकड्यात लिहा, शोरूमचं कोटेशन जोडा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. तरीही नोंदवली नाही, तर तीच तक्रार पोस्टाने तुमच्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. हे आजच करा. आणि समोरच्या बिल्डिंगचं किंवा दुकानाचं कॅमेऱ्याचं फुटेज आजच पेनड्राइव्हवर घ्या. जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं) घड्याळ बरेचदा चुकीचं असतं, ते किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवा.

विमा मागायचा का, हे आकडेमोड केल्याशिवाय ठरवू नका. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, असेल तर काही मिळत नाही. तुमची पॉलिसी पूर्ण धरून हिशोब मांडतो. समजा दोन अलॉयचे १८,००० आणि दोन टायरचे १२,०००. गाडीला चार वर्षं उलटली असतील, पण पाच झाली नसतील, तर धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा (वापरामुळे कमी धरलेली किंमत), टायरवर ५० टक्के. म्हणजे ११,७०० अधिक ६,०००, त्यातून दर क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा. हातात १६,७००. आता दुसरी बाजू. क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो आणि परत ५० टक्क्यांवर चढायला पाच वर्षं लागतात. आज तुमची सूट ५० टक्के आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ हप्ता १२,००० धरला, तर तेवढ्या काळात साधारण १५,००० जास्त भरावे लागतील. म्हणजे नुसत्या चाकांसाठी क्लेम जवळजवळ बरोबरीत सुटतो. सिल किंवा डिस्कही गेली असेल तर मात्र नक्की करा. झिरो डेप (घसारा न कापणारी जोड) असेल तरी पॉलिसी वाचा, बऱ्याच पॉलिसींत टायर त्यातून वगळलेले असतात.

अर्ध्या किमतीच्या अलॉयला कळकळीने नाही म्हणा. ती कुणाच्या तरी अशाच पहाटेची असण्याची शक्यता मोठी. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला जागा असताना घेतला, तर त्याच संहितेच्या कलम ३१७(२) खाली घेणाराही तीन वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो. पैसे वाचवायचे तर साधे लोखंडी रिम घ्या. गाडी तितकीच छान चालते आणि चोर त्यांच्याकडे बघतही नाही. नवीन दोन्ही टायर मात्र मागे लावा आणि उरलेले दोन पुढे. तुमच्याकडे पुढचं एक आणि मागचं एक गेलंय. तसंच बसवलं तर एकाच अ‍ॅक्सलवर एक नवं, एक झिजलेलं येईल आणि पावसात मागची बाजू दगा देईल.

तुमची भिंतीकडची चाकं वाचली, कारण तिथे पाना फिरवायला जागा नव्हती. चोरांकडे असतो तो आपल्याच डिकीतला साधा जॅक आणि १९ चा पाना, आणि हाताशी असतात मोजकी मिनिटं. म्हणून दर चाकाला एक लॉकिंग नट, म्हणजे साध्या पान्याने न उघडणारा नट, बसवा. चार नटांचा संच येतो, सोबत एक खास किल्ली. किल्ली गाडीतच ठेवा, नाहीतर घाटात पंक्चर झाल्यावर रडायची पाळी येईल, पण डॅशबोर्डच्या खणात नको, तिथे पहिला हात जातो. किल्लीचा नंबर घरी लिहून ठेवा. पंक्चरवाल्याला त्या नटावर गन (हवेवर चालणारा पाना) लावू देऊ नका, किल्लीचे दाते मोडतात. गाडीच्या सायरनवर विसंबू नका. कंपनीचा सायरन बहुतेक दार उघडल्यावरच वाजतो, गाडी जॅकवर चढवली तर गप्प असतो. नव्या रिमच्या आतल्या बाजूला एनग्रेव्हरने गाडीचा नंबर कोरून घ्या, कुठे सापडलं तर तुमचं आहे हे दाखवता येईल.

बाबांच्या डायलिसिसच्या दिवशी या गाडीवर अवलंबून राहू नका. चाकं बसल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या. आणि डिस्कचा फोटो जवळून काढून मला पाठवा, तडा असेल तर बघून लगेच कळवतो.