ल्यूकासपासून सुरुवात करताना

अर्थशास्त्रातल्या रॅशनल एक्स्पेक्टेशन्स (विवेकी अपेक्षा) म्हणजे लोकांना पुढचं सगळं अचूक कळतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढ. चुका होतात, पण त्याच त्या चुका पुन्हापुन्हा होत नाहीत, एवढंच म्हणणं आहे. अर्थतज्ज्ञ जॉन मूथचा 1961 चा निबंध त्यासाठी पुरे.

मग रॉबर्ट ल्यूकासचा 1972 चा निबंध घे, हातात पेन्सिल घेऊनच. त्यातला उत्पादक डोळ्यांसमोर आण: त्याला फक्त आपल्या बाजारातला भाव दिसतो. भाव वाढला तो मालाला मागणी आली म्हणून, की सगळीकडे पैसाच वाढला म्हणून? त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो थोडं जास्त पिकवतो. पैशाचा उत्पादनावर परिणाम होतो तो या संभ्रमातून. मला हे उमगायला दोन महिने लागले, तेव्हा घाबरू नकोस.

सार्जंट आणि वॉलेस हे अर्थतज्ज्ञ म्हणतात, की लोकांना आधीच ओळखता येणाऱ्या पतधोरणाने उत्पादन बदलत नाही; ते वाचून ‘पतधोरण निरुपयोगी’ असं लगेच लिहून बसू नकोस. स्टॅन्ली फिशरने 1977 मध्ये दाखवलं, की अपेक्षा विवेकी असूनही मजुरीचे करार दोन कालखंडांसाठी बांधलेले असतील, तर मध्यवर्ती बँकेला मधल्या काळात हालचालीला वाव उरतो. ते समीकरण स्वतः सोडव. अडलास तर वही घेऊन ये, बसू सोबत.