वॉशिंग मशीनचं पॅनल लॉक झालंय, पॉवर सोडून एकही बटण चालत नाहीये. काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फ्रंट लोड मशीन आहे, डिस्प्लेवर सीएल येतंय, पॉवरचं बटण सोडून बाकी सगळं मेलंय, दारही कधी उघडतं कधी नाही, मेकॅनिक न बोलावता काही होईल का. इथपर्यंत ठीक आहे. पण शेवटी तुम्ही जे लिहिलंय ना, "बायको म्हणते तिने काहीच दाबलं नाही, पण मशीन तर तीच वापरते", त्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहायला बसलेय, नाहीतर मी इथे नुसती वाचून जाणाऱ्यातली.

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुम्ही मोकळे. सीएल म्हणजे चाईल्ड लॉक, पोरांनी बटणं दाबू नयेत म्हणून असतं ते, तेच लागलंय. पॅनलवर टॉर्च मारून बघा, एखाद्या बटणाखाली किंवा दोन बटणांच्या मधोमध कुलपाचं बारीकसं चित्र असेल. एक बटण असेल तर ते, दोन असतील तर दोन्ही एकदम, 3 सेकंद दाबून धरायचं. काही मशीनला थोडं जास्त लागतं, तर आवाज येईपर्यंत बोट काढू नका. झालं.

आता आमच्या घरी काय झालं ते.

मशीन आई वापरते. म्हणजे आम्ही सगळे कपडे आत टाकतो पण पावडर किती, कुठला प्रोग्राम, रबरात अडकलेला पायमोजा काढायचा, हे तिचं. एका सोमवारी सकाळी तिने मशीन चालू केलं तर डिस्प्लेवर सीएल आणि बटणं ढिम्म. तिने मला हाक मारली. मी ऑफिसच्या घाईत होते, आत आले आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "काय दाबलंस तू?" काय झालं, कधीपासून झालं, काही नाही. थेट काय दाबलंस. ती म्हणाली, काही नाही गं, नेहमीसारखंच लावलं. आणि मी मान हलवली, ती आपण मनातून पटलेलं नसताना हलवतो तशी.

मग दादाला फोन. दादा आमच्यातला इंजिनियर, इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यामुळे घरातलं विजेवर चालणारं काहीही बिघडलं की शेवटचा शब्द त्याचा. फोनवर फोटो बघून त्याने सांगितलं, सीएल म्हणजे क्लीन, टब क्लीन करायला सांगतंय. आता इथे त्याची अगदीच चूक नाही, काही मॉडेलवर टब क्लीनची आठवण म्हणून टीसीएल अशी अक्षरं खरंच येतात. पण इथे टी नव्हता, आणि टब क्लीन करायला बटण तर चालायला हवं ना! ते चालत नाही म्हटल्यावर तो म्हणाला मग प्लग काढून रात्रभर ठेवा, आपोआप रिसेट होईल. ठेवलं. सकाळी लावलं, सीएल. मग निकाल आला की पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला, आणि वर एक वाक्य, जे मी अजून विसरले नाहीये: "आईला सांग आता मेकॅनिक येईपर्यंत हात लावू नकोस, अजून काहीतरी होऊन बसेल."

रात्रभर प्लग काढून काही का झालं नाही ते सांगते, कारण तुम्हालाही कोणीतरी हाच सल्ला देणार. प्लग काढल्याने मशीनचा प्रोसेसर अडकला असेल तर तो सुटतो, त्याला रात्र कशाला, दहा मिनिटं पुरतात. पण चाईल्ड लॉक ही काही अडकलेली गोष्ट नाही, ती सेटिंग आहे, आणि बऱ्याच मशीनमध्ये ती अशा मेमरीत लिहिलेली असते जी वीज गेली तरी पुसली जात नाही. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, पोराने प्लग काढून लावला की लॉक सुटायला लागलं तर लॉक ठेवून उपयोग काय.

मेकॅनिक चौथ्या दिवशी आला. त्याला फोनवर दादानेच सांगून ठेवलं होतं की पॅनल डेड आहे, पीसीबी बघ, तर त्यानेही तेच बघितलं. वरचं झाकण काढलं, आत डोकावला, दोन वायरी हलवल्या, लावून बघितलं, बोर्ड मागवावा लागेल म्हणाला, आणि किंमत अशी सांगितली की त्यात थोडी भर घातली तर नवीन लहान मशीन येईल. सीएलकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी त्याला फार दोष देत नाही. डॉक्टरकडे जाऊन आपणच रोगाचं नाव सांगितलं तर डॉक्टर त्याचंच औषध देणार. (थोडा दोष देते, त्याचं कामच आहे ते.)

या सगळ्यात हाताने धुणं सुरू होतं. नऊ दिवस. ज्यांना वाटतं पूर्वीच्या बायका हातानेच धुवायच्या, त्यात काय मोठं, त्यांनी एकदा डबल बेडची चादर ओली करून पिळून बघावी. आम्ही दोघी पिळायचो, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आई, ती उजवीकडे पीळ घालायची मी डावीकडे, आणि मधे ती चादर दोरासारखी कडक व्हायची आणि पाणी आमच्या पायांवर. सहाव्या का सातव्या दिवशी अशीच चादर पिळताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "मी खरंच काही दाबलं नव्हतं गं." इतके दिवस ते तिच्या डोक्यात होतं. मी काय बोलले? काहीच नाही. म्हटलं, घट्ट धर, सुटतंय.

आणि नवव्या दिवशी तिनेच ते सोडवलं. पॅनल पुसत होती, बंद मशीनसुद्धा ती रोज पुसते. पावडरचा पांढरा थर बटणांच्या कडेला बसतो तो ओल्या कपड्याने काढला, चष्मा वर करून डोळे अगदी जवळ नेले आणि मला विचारलं, "हे इथे कुलूप कशाला काढलंय?" मी टॉर्च लावला. दोन बटणांच्या खाली एक बारीक रेघ, त्या रेघेच्या मधे तांदळाएवढं कुलूप, आणि बाजूला काहीतरी 3 आणि त्यापुढचं अक्षर पुसट. राखाडी पॅनलवर किंचित गडद राखाडी रंगात छापलेलं. ज्याने कोणी हा रंग निवडला त्याने आयुष्यात एकदा तरी ट्यूबलाइटच्या उजेडात चाळिशीनंतरच्या डोळ्यांनी मशीन लावून बघायला हवं होतं. आईने मशीन चालू केलं, दोन्ही अंगठे दोन बटणांवर ठेवले, मी मोजलं, एक, दोन, तीन. टुणकन वाजलं आणि सगळे दिवे लागले. तिने लगेच अंगठे काढले, जणू चटका बसला, आणि मग असं काही हसली की विचारू नका.

मग लागलं कसं, तर त्याचाही छडा लागला. बऱ्याच मशीनवर हे लॉक धुणं चालू असताना लागतं, त्यासाठीच ते असतं, मधेच कोणी प्रोग्राम बदलू नये म्हणून. आईला आठवलं, आदल्या रविवारी मशीन चालू असताना अचानक वाजलं म्हणून ती बघायला आली होती. तर तिथे दादा. फोनवर बोलत, मशीनला टेकून, तळहात पॅनलवर. हो, तोच दादा. मी त्याला हे सांगितलं तर म्हणाला असं होऊच शकत नाही, दोन बटणं एकदम तीन सेकंद चुकून कशी दाबली जातील. एवढा रुंद तळहात आणि त्याचा फोन कधी तीन मिनिटांच्या आत संपत नाही, तीन सेकंदांचं काय घेऊन बसलाय. आता तो चार लोकांत सांगतो की मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं सेटिंगचा प्रॉब्लेम असेल. म्हटलं नव्हतंस. मेसेज आहेत माझ्याकडे.

तर तुमच्या बायकोने काही दाबलं नसेल, हे अगदी शक्य आहे. पॅनल पुसताना लागतं, टेकल्याने लागतं, टच पॅनल असेल तर विचारूच नका. जी व्यक्ती मशीन रोज वापरते तिच्याच हातून ते बिघडतं, हा हिशोब मला कळत नाही. उलट तिलाच पटकन कळतं की आज काहीतरी वेगळं आहे. तिला विचारा की मधे कधी वेळी-अवेळी वाजलं होतं का.

आता राहिलेलं. कुलपाचं चित्रच सापडत नसेल तर किल्लीचं शोधा, बॉशच्या मशीनवर बरेचदा किल्ली असते. एलजीच्या पुष्कळ मॉडेलवर चाईल्ड लॉकचं एकच बटण असतं, सॅमसंगच्या पुष्कळ मॉडेलवर दोन एकदम धरायला लागतात, पण कुठली दोन ते मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे कोणी छातीठोकपणे "टेंपरेचर आणि स्पिन दाबा" म्हणालं तर आधी त्याचं मॉडेल विचारा. तुमचा मॉडेल नंबर दार उघडल्यावर कडेला किंवा मशीनच्या मागे स्टिकरवर असतो, तो टाकून मॅन्युअल डाऊनलोड करा. कागदी मॅन्युअल सापडणार नाही, ते ज्यांनी खोक्याबरोबर फेकून दिलं ते सापडतील. (आमच्याकडे कोणी फेकलं असेल, ओळखा.)

दाराचं वेगळं आहे, ते चाईल्ड लॉकमध्ये मिसळू नका. पुष्कळ फ्रंट लोडच्या दाराच्या कुलपात एक छोटी धातूची पट्टी असते, ती विजेने तापून वाकते आणि दार अडकवते, म्हणून सुरू करताना टक असा आवाज येतो. धुणं संपल्यावर ती थंड होऊन सरळ व्हायला एक-दोन मिनिटं लागतात. तुमचं "कधी उघडतं कधी नाही" बहुतेक तेच, तुम्ही घाई करताय. आत पाणी असेल किंवा गरम असेल तरीही उघडणार नाही, आणि उघडू नयेच. पाणी अडकलं असेल तर खाली पुढच्या बाजूला झडपेमागे फिल्टर असतो तिथून काढा, खाली पसरट ताट ठेवून, फिल्टर एकदम पूर्ण फिरवू नका, हळूहळू, नाहीतर सगळं घरभर. आणि गरम पाण्याचा प्रोग्राम होता तर आधी थंड होऊ द्या. दार ओढत बसू नका, हँडल प्लास्टिकचं असतं.

सीएल नसून नुसतीच बटणं चालत नसतील तर आधी बघा मशीन चालू प्रोग्राममध्ये किंवा डिले स्टार्टवर, म्हणजे उशिरा सुरू व्हायला लावलेलं, तर नाही ना, तेव्हा ते तसंच वागतं, आधी पॉज करावं लागतं. टच पॅनल असेल तर हात आणि पॅनल दोन्ही कोरडे करा, साधी बटणं असतील तर पावडरच्या थराने ती आतच बसून राहतात. हे सगळं करून, लॉकची बटणं नीट धरूनही आवाजसुद्धा येत नसेल, तर मग मात्र बोर्ड किंवा त्याची वायर असू शकते, तेव्हा मेकॅनिकला बोलवा, पण त्याला आधीच रोगाचं नाव सांगू नका, नुसतं काय दिसतंय ते सांगा.

आणि हो, मेकॅनिक न बोलावता म्हणालात म्हणून, स्वतः झाकण उघडायचा विचार असेल तर नको. इन्व्हर्टर मोटरवाल्या मशीनच्या बोर्डवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. जळका वास येत असेल तर बटणांशी खेळत बसू नका, प्लग काढा आणि मोकळे व्हा. घरात लहान मूल असेल तर लॉक सुटलं म्हणून कायमचं बंद ठेवू नका, फ्रंट लोडच्या ड्रममध्ये मुलं शिरतात, हे लॉक त्यांच्यासाठीच आहे. पण नुसतं बटणांचं लॉक असेल तर त्याने रिकाम्या मशीनचं दार बंद राहत नाही, तिथे लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं.

आमच्या मशीनवर आता आईने नेलपॉलिशने त्या दोन बटणांवर लाल ठिपके काढलेत. दादा आला की म्हणतो पॅनल खराब केलंस, आणि ती त्याला म्हणते, तू टेकू नकोस.