गवत किती चारायचे, किती राखायचे? प्रेअरीच्या शेतीबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गायरान सुधारणेच्या शिबिरात अमेरिका-कॅनडाच्या प्रेअरीचा, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मुलुखाचा, विषय निघाला होता. १९३०च्या दशकात तिथली माती वाऱ्याने उडाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी ती पुन्हा धरून ठेवली. त्यांनी नेमके काय केले आणि त्यातले आपल्या कामाचे काय, असे बऱ्याच जणांनी विचारले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

दुष्काळ आपल्याकडेही पडतो. मग तिथलीच माती एवढी का उडाली?

दुष्काळ हे निमित्त झाले. मूळ कारण म्हणजे उघडी आणि पीठ झालेली माती. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर गव्हासाठी लाखो एकर गवत मोडले गेले. ट्रॅक्टरमागे एकेरी तव्यांचा नांगर आला. तो झपाट्याने काम करायचा, पण प्रत्येक पाळीला निम्मे काड गाडायचा आणि ढेकळांचा भुगा करायचा. वरचा थर धुळीसारखा बारीक ठेवला की खालची ओल उडत नाही, अशी समजूतही तेव्हा पक्की होती. १९३१पासून पाऊस गेला आणि ती धूळच आभाळात गेली. १४ एप्रिल १९३५च्या वादळाला तिथे ‘काळा रविवार’ म्हणतात. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेचा मृद्संधारण कायदा झाला. ह्यू बेनेट यांच्या हाताखाली मृद्संधारण सेवा उभी राहिली. कॅनडानेही त्याच वर्षी प्रेअरी पुनर्वसनाचे स्वतंत्र प्रशासन सुरू केले.

वारा माती कशी नेतो हे कळले, की पुढचे सगळे उपाय समजतात. कॅन्ससमध्ये विल्यम चेपिल यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. साधारण ०.८४ मिलिमीटरपेक्षा मोठा कण किंवा ढेकूळ वाऱ्याने सहसा हलत नाही. सर्वांत घातक ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे कण. ते उड्या मारत पुढे जातात, जिथे आपटतात तिथली ढेकळे फोडतात आणि आणखी कण सुटे करतात. म्हणून शेत वाऱ्याच्या दिशेने जितके लांब, तितकी त्याच्या शेवटच्या टोकाला धूप जास्त. यावर तीनच उपाय राहतात: वर काड ठेवा, मातीत ढेकळे राखा, वाऱ्याची मोकळी धाव तोडा.

काड वर ठेवून तण कसे मारायचे?

आपल्या वखराची पास डोळ्यांसमोर आणा. आल्बर्टातल्या चार्ल्स नोबल यांनी १९३०च्या दशकात बनवलेले पाते त्याच तत्त्वावर चालते, फक्त ट्रॅक्टरच्या ताकदीचे. रुंद पाते जमिनीखालून तीन-चार इंचांवर जाते, तणांची मुळे कापते आणि गव्हाचे धसकट जागच्या जागी उभे राहते. ओक्लाहोमात फ्रेड होम यांनी केलेला चिझल नांगरही त्याच काळातला. तो माती न पलटता फोडतो आणि ढेकळे वर आणतो. नेब्रास्कात १९३८पासून काड वर ठेवून मशागतीचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले.

फरक किती पडतो ते पाहा. तिथला ठोकताळा असा, की एक बुशेल, म्हणजे सुमारे २७ किलो गहू निघाला तर मागे साधारण १०० पौंड काड राहते. एकरी १५ बुशेल म्हणजे १५०० पौंड. पात्याची एक पाळी सुमारे दहा टक्के काड गाडते, म्हणजे चार पाळ्यांनंतरही ९८० पौंडांच्या आसपास उरते. तव्यांच्या नांगराच्या चार पाळ्यांनंतर शंभर पौंडही राहत नाही. तण दोन्हीकडे मेले, पण दुसऱ्या शेतात वाऱ्याला आडवायला काही उरले नाही.

आता चुका कुठे होतात. ओल्या जमिनीत पाते चालवले, तर कापलेले तण पुन्हा मूळ धरते. ऊन कडक आणि वरचा थर कोरडा असतानाच पाळी द्यावी. पाते मागे किंवा पुढे कलले, तर कुठे खोल जाते, कुठे वर येते, आणि तणांच्या पट्ट्या सुटतात. म्हणून दहा-वीस पावलांवर उकरून खोली तपासावी. काड फार दाट असले तर पेरणी यंत्राचे फण तुंबतात. थंड, ओल्या वसंतात काडाखालची जमीन उशिरा तापते आणि नत्र कमी पडतो, पीक पिवळे दिसते. ही पद्धत तिथेही कोरड्या भागात जास्त यशस्वी झाली.

पट्टा पेरणी का? आणि माती उडायला लागलीच तर?

पीक आणि पड यांचे पट्टे वाऱ्याच्या मुख्य दिशेला आडवे ठेवत. रुंदी बहुधा १६५ ते ३३० फूट, वाळूसर जमिनीत त्याहून पुष्कळ कमी. उड्या मारणारे कण शेजारच्या धसकटात अडकतात आणि साखळी तुटते. या उपायाने एक नवे दुखणेही आणले. गव्हाच्या खोडात अंडी घालणारी खोडमाशी धसकटातच हिवाळा काढते आणि शेजारच्या पिकाच्या कडेपासून शिरते. पट्टे केल्यावर कडा वाढल्या, माशी वाढली, कापणीआधीच ताटे आडवी पडू लागली. त्यावर भरीव खोडाचा ‘रेस्क्यू’ हा गहू १९४६मध्ये आला. कोणताही उपाय शेतात आणताना त्याच्या पाठीमागून काय येईल हे आधी पाहावे लागते.

माती उडू लागलीच, तर वाऱ्याच्या बाजूच्या कडेपासून सुरुवात करून दुहेरी फाळाच्या सरी यंत्राने किंवा चिझलने वाऱ्याला आडव्या सऱ्या पाडत. ढेकूळ वर येईल इतकेच खोल जायचे आणि ट्रॅक्टर सावकाश हाकायचा. वेग वाढला की ढेकूळ फुटते. निव्वळ वाळूत चिझलचा उपयोग नाही, तिथे खोल सरी काढून मोक्याच्या जागी शेणखत किंवा काड पसरावे लागते. हा उपाय तात्पुरताच. एका पावसात किंवा गोठण्या-वितळण्यात ढेकळे विरघळतात.

झाडांच्या रांगांबद्दल थोडक्यात: १९३४ ते १९४२ या काळात डाकोटापासून टेक्सासपर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. रांगेचा चांगला आडोसा झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळतो. रांग भिंतीसारखी घट्ट नको, वारा थोडा झिरपला पाहिजे. मध्ये खिंडार पडले, तर तिथून वारा उलट जोराने घुसतो. आणि कोवळ्या झाडांत गुरे शिरू देऊ नयेत.

कुरण चारायचे किती? हा सर्वांत जास्त जणांनी विचारलेला प्रश्न आहे.

निम्मे चारा, निम्मे राखा. १९५०च्या दशकातल्या प्रेअरीवर प्रत्येक कृषी कार्यकर्ता हेच सांगत असे, आणि त्यामागे मोजमाप होते. फ्रँकलिन क्रायडर यांनी गवत वेगवेगळ्या प्रमाणात कापून खालची मुळे पाहिली आणि १९५५मध्ये निष्कर्ष मांडले. पाल्याचा ४० टक्क्यांपर्यंत भाग काढला, तर मुळांची वाढ थांबत नाही. ५० टक्के काढला, तर जेमतेम २ ते ४ टक्के मुळे थांबतात. ६० टक्क्यांना मात्र निम्मी मुळे थांबतात, ७० टक्क्यांना ७८ टक्के, आणि ८० टक्के काढला की सगळीच. म्हणजे पन्नासच्या पुढे केलेला लोभ सरळ मुळावर येतो. मूळ आखडले की झाड पुढच्या कोरड्या आठवड्यात तग धरत नाही, जमीन उघडी पडते, आणि पडलेला पाऊसही मुरत नाही.

जनावरे किती सोडायची हे मात्र गवत मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. तिथली पद्धत अशी. ११ फूट घेराचे तारेचे कडे करायचे. त्याच्या आत ९.६ चौरस फूट जागा येते. कडे कुरणात न बघता फेकायचे, आतले गवत जमिनीलगत कापायचे, वाळवायचे आणि ग्रॅममध्ये तोलायचे. येईल त्याला दहाने गुणले की एकरी पौंड मिळतात. समजा १२० ग्रॅम भरले, म्हणजे एकरी १२०० पौंड. त्यातले ६०० राखायचे. उरलेल्या ६००पैकी निम्मे तुडवण्यात, शेणामुताखाली आणि किड्यांत जाते. पोटात जातात ३००. वासरासह १००० पौंडांची गाय दिवसाला साधारण २६ पौंड कोरडे गवत खाते, महिन्याला ७८०. म्हणजे एका गाईला एका महिन्यासाठी २.६ एकर, सहा महिन्यांच्या चराईला जवळपास १६ एकर. ६४० एकरांच्या कुरणावर ४० गाई, त्याहून जास्त नाही.

चूक इथे होते, की कडे हिरव्यागार लवणातच टाकले जाते. निदान दहा ठिकाणी टाका: पाण्याजवळ, लांब, चढावर, खडकाळ भागात. दुसरी चूक म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षाचा आकडा धरून कायमचा कळप बांधणे. जाणते रँचवाले कळपाचा काही भाग वर्षाच्या गोऱ्ह्यांचा ठेवत. पावसाने ओढ दिली की ते आधी विकून मोकळे होत आणि पैदाशीच्या गाई वाचवत.

आकडा बरोबर असूनही कुरण बिघडू शकते, कारण गुरे सगळीकडे सारखी चरत नाहीत. पाण्याभोवती जमीन खरवडून निघते आणि मैलभरावर गवत तसेच वाळते. म्हणून मिठाचे खडे पाण्यापासून निदान पाव मैल दूर, न चरलेल्या बाजूला ठेवत आणि अधूनमधून जागा बदलत. पाण्याजवळ मीठ ठेवणे म्हणजे गुरांना तिथेच बसवून ठेवणे. शिवाय कुरणाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग गवताचे बी पडेपर्यंत बंद ठेवत.

पडीक शेताचे पुन्हा कुरण कसे केले?

आदल्या वर्षी त्या जमिनीत ज्वारी दाट पेरायची, कणसात दाणा भरण्याआधी कापायची आणि धसकटे उभी ठेवायची. पुढच्या वसंतात त्या धसकटांतच गवताचे बी पेरायचे. उघड्या, भुसभुशीत जमिनीत पेरलेले बी वाऱ्याने उघडे पडते किंवा फार खोल जाते. धसकटात ते सावलीत आणि घट्ट जमिनीत राहते. चालताना टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतत असेल, तर जमीन अजून सैल आहे. ब्लू ग्रामासारख्या तिथल्या मूळ गवताचे बारीक बी पाव ते अर्धा इंचच खोल. ब्लूस्टेम या दुसऱ्या गवताचे बी केसाळ असते, साध्या पेरणी पेटीत अडकून बसते, म्हणून पेटीत बी ढवळणारी चाके लावावी लागली. पेरल्यावर पहिले दोन हंगाम चराई बंद. सर्वांत जास्त कुरणे इथेच वाया गेली: हिरवे दिसले की गुरे सोडली आणि मुळासकट उपटून आले.

उत्तरेकडे रशियातून आलेले क्रेस्टेड व्हीटग्रास खूप पेरले गेले. ते लवकर हिरवे होते, म्हणून मूळच्या गवतावर गुरे जाण्याआधीचे काही आठवडे निभावतात. पण वेळेत चारले नाही, तर त्याचे जाड ठोंब होतात आणि गुरे तोंड लावत नाहीत. एकट्या या गवताने मूळच्या मिश्र कुरणाची जागा भरून निघत नाही, हेही सांगायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात गव्हाचे भाव वाढले, पाऊसही बरा झाला, आणि बरीच जमीन पुन्हा नांगराखाली गेली. १९५०च्या दशकात दुष्काळ आला तेव्हा तीच जमीन पुन्हा उडाली. त्यानंतर १९५६च्या कायद्याने दहा राज्यांत सरकार आणि शेतकरी यांच्यात ३ ते १० वर्षांचे करार सुरू झाले. पूर्ण शेताचा आराखडा केला, तर गवत लावणे, तळी, कुंपण यांच्या खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा सरकार देई.

आपल्या गायरानाला यातले काय लागू?

आपली माती मुख्यतः पाण्याने जाते, वाऱ्याने नाही. म्हणून १९३३नंतर सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनात बांधबंदिस्तीवर भर होता, आणि त्या बाबतीत प्रेअरीची नक्कल करू नये. गवत मोजण्याची रीत मात्र जशीच्या तशी चालते. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्या, ग्रॅमला दहाने गुणा, हेक्टरी किलो मिळतील. १५० ग्रॅम म्हणजे १५०० किलो. ७५० राखा, उरलेल्यातले ३७५ किलो गाईच्या पोटात जातील. ३०० किलोची गाय रोज साधारण साडेसात किलो कोरडा चारा खाते. एका हेक्टरावर एका गाईचे पन्नास दिवस. ऑक्टोबरात, बी पडून गेल्यावर ही मोजणी करा. मारवेलसारखे चांगले गवत कमी होऊन कुसळीसारखे हलके गवत वाढलेले दिसले, गवताचे ठोंब मातीच्या उंचवट्यावर एकटे उरलेले दिसले, तर आकड्याची वाट न पाहता येत्या पावसाळ्यात गायरानाचा तिसरा हिस्सा बंद करा.