पाणी आधी, मासे नंतर

दुकानातल्या आणि घरातल्या शोभेच्या माशांबद्दल सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी फिश टँक पूर्ण रिकामा करतो, काच, गोटे, फिल्टर घासून धुतो आणि ताजं पाणी भरतो. तरी दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, एखादा मरतोच. एवढी स्वच्छता ठेवूनही असं का होतं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मासे या धुण्यानंच मरताहेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माशांचे कल्ले भाजून काढतं. टँकरचं पाणी असेल तर त्यात ब्लीचिंग पावडर किती पडली याचा काहीच नेम नसतो. पण त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि गोट्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाखाली चोळला की ती मिनिटभरात जाते. मग अमोनिया हळूहळू चढतो, म्हणून मासा त्याच दिवशी न मरता नंतर मरतो.

आपल्याकडे अनेक घरांत बोअरचं जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी असतं आणि अशा पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. घाण तेवढीच, विष दहापट.

पाणी आलं की टँकसाठी एक ड्रम वेगळा भरा आणि २४ तास उघडा ठेवा, डासांसाठी वर पातळ कापड बांधा. आत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला तर क्लोरिन लवकर उडतं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा, माशांच्या दुकानात ते अँटिक्लोरिन म्हणून मिळतात. १०० लिटरला १ ग्रॅम, पाण्याला उग्र वास येत असेल तर २ ग्रॅम, आणि नीट ढवळून. आठवड्यातून एकदा पाव भागच पाणी बदला, म्हणजे ६० लिटरच्या टँकमधून १५ लिटर. ते काढताना नळीनं तळाची घाण ओढून घ्या. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा आणि परत लावा. साबण कशालाच लावू नका. एवढं केलंत तर टँक पूर्ण रिकामा करायची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : मी फिश टँकच्या दुकानात कामाला आहे. बाहेरगावचा माल आला की पिशव्या उघडून मासे टाकीत सोडतो, पण रात्रीतून बरेच मरतात. फायटर (बेट्टा) मासे तर प्लास्टिकच्या ग्लासात ठेवतात, मालकांची तीच पद्धत आहे. माझ्या हातात काय आहे?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : बरंच काही आहे. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. त्यामुळे अमोनिया भरपूर साठला तरी त्याचं विष दबलेलं असतं. पिशवी उघडल्यावर वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाच्या जिवावर उठतो. म्हणून उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं अशा मालासाठी घातक ठरतं. दिवे मालवा. बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटं तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा आणि लगेच मासे जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी थेट गटारात. नव्या मालाची टाकी वेगळी हवी, त्यात लिटरला १ ग्रॅम खडे मीठ घाला. पहिल्या दिवशी खाणं नको. गिऱ्हाईक अर्ध्या तासात घरी नेणार असेल तर मात्र पिशवीत विष साठलेलं नसतं. त्याला सांगा, पिशवी १५ मिनिटं तरंगवायची, मग दर पाच मिनिटांनी टँकचं कपभर पाणी आत घालायचं आणि चार-पाच कपांनंतर मासा सोडायचा.

सगळ्या टाक्यांत एकच जाळी फिरवू नका. पांढरे ठिपके ज्या परजीवीमुळे येतात तो ओल्या जाळीतून या टाकीतून त्या टाकीत जातो आणि कोरड्यात मरतो. जाळी रोज आपल्या सोलापुरी उन्हात कडक वाळवा.

आता फायटर. हा मासा वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून ग्लासात तग धरतो. पण पाव लिटर पाण्यात त्याचाच अमोनिया दिवसभरात त्याला त्रास द्यायला लागतो. पर मिटलेले, शेपटीची कड काळपट किंवा झिजलेली, मासा तळाशी आडवा : हे जातीचे गुण नव्हेत, पाण्याचा मार आहे. मालक ग्लास सोडायला तयार नसतील तर निदान १ लिटरच्या बरण्या घ्या आणि रोज मुरवलेल्या (२४ तास उघड्या ठेवलेल्या), त्याच तापमानाच्या पाण्यानं पाणी बदला. वर भोकांचं झाकण हवं, कारण फायटर उडी मारतो. दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा लावा, नाहीतर समोरचा नर पाहून ते दिवसभर फुगत राहतात आणि थकतात. याहून बरी व्यवस्था म्हणजे भोकं पाडलेल्या ॲक्रिलिक पट्ट्यांनी कप्पे केलेली एक लांब टाकी आणि तिला एकच स्पंज फिल्टर. मालकांशी बोलताना मरतुकीची वही समोर ठेवा. महिनाभर रोज किती फेकले ते लिहा, बदलाचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटेल.

विचारलंच आहे काही पत्रांत, तर कायद्याचंही सांगतो. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा केंद्रीय कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राण्याला लागू आहे, मासाही त्यात आला. माशांच्या दुकानांसाठी २०१७ मध्ये वेगळे नियम निघाले होते, ते पुढे मागे घेतले गेले.

प्रश्न : वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्ड फिश ठेवायला सांगितलं आहे. आमचा टँक २४ × १२ × १५ इंचांचा आहे. चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चालणार नाही. तिन्ही इंच गुणून ६१ नं भागलं की लिटर मिळतात : तुमचा टँक ७० लिटरचा, गोटे आणि वरची मोकळी जागा वगळता ६०. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्ड फिश १५ ते २० सेंटिमीटर होतो, दहा वर्षांहून जास्त जगू शकतो आणि घाणही खूप करतो. नऊ जणांना ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच टँक लागेल, म्हणजे ३४० लिटर. नऊ हा आकडा आणि रंग पाळायचाच असेल तर आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळा मॉली घ्या. दोन्ही लहान राहतात आणि त्यांना जड पाणीच मानवतं, म्हणजे आपलं बोअरचं पाणी इथे उपयोगी पडतं. सगळे नर निवडा, नाहीतर दर महिन्याला पिल्लं होतील आणि नवाचे नव्वद होतील. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा अरुंद असतो, मादीचा पंख्यासारखा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर टँकचं पाणी ३४ अंशांवर जातं. बर्फ टाकावा का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : थेट बर्फ नको. तासाला २ अंशांहून जास्त उतार माशाला सोसत नाही. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर रोखा. आपली हवा कोरडी असल्यानं २ ते ४ अंश सहज उतरतात. पाणी उडतं पण क्षार मागेच राहतात, म्हणून कमी झालेलं पाणी आरओच्या पाण्यानं भरा, बोअरच्या नव्हे. फारच तापलं तर अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली तरंगत ठेवा. पाण्यात २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला फक्त ७. त्यामुळे दुपारी खाणं देऊ नका आणि एअर पंप अखंड चालू ठेवा. वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा पंप हवाच. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर आतलं सडकं पाणी फेकून मगच सुरू करा.

प्रश्न : गुलाबी, निळे, हिरवे पारदर्शक मासे मुलांना फार आवडतात. हे रंग खरे असतात का?
– एक वाचक, विजापूर वेस

उत्तर : काचेसारखे पारदर्शक मासे आपल्याच नद्यांतले, मुळात बिनरंगी. त्यांना सुईनं रंग टोचतात. जखमेतून संसर्ग होतो आणि जे वाचतात त्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. अंगावर रंगाच्या रेघा किंवा ठिगळं दिसली तर घेऊ नका आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगा. ‘ग्लो’ म्हणून विकले जाणारे चमकणारे टेट्रा हे छोटे मासे वेगळे, त्यांचा रंग जनुकात बदल करून जन्मापासूनच आलेला असतो.

प्रश्न : शेवाळ खाईल म्हणून आणलेला सकर आता फूटभर झालाय. सिद्धेश्वर तलावात सोडला तर पुण्य लागेल असं आई म्हणते.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आईंची माया खरी आहे, पण तलावात सोडू नका. कंबर तलावातही नको, नदीतही नको. सकर दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे त्याला खाणारं फारसं कोणी नाही, काठाच्या मातीत तो बिळं करतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. उजनीत तो सापडू लागला आहे आणि मासेमारीवर पोट असलेल्यांना त्याचा त्रास होतो आहे. त्याला ४-५ फुटी टँक, लाकडाचा ओंडका, रात्री काकडी किंवा दोडक्याचा तुकडा लागतो. जिथून घेतला त्या दुकानात परत घेतात का विचारा, नाहीतर मोठा टँक असलेला कोणी शोधा. नेताना जाळीत धरू नका, पराचे काटे जाळीत अडकून तुटतात. पाण्याखालीच रुंद डब्यात ढकला आणि झाकणाच्या बादलीतून न्या, पिशवी तो फाडतो.